आमच्या रानातला कोळसा

२८ एप्रिल, सोमवार
नातवंडं काल अकोल्याहून आली. शर्वरी तेरा वर्षांची, ओम आठ. आज सकाळी सहालाच दोघांना भातकुलीच्या शेतात चालवत नेलं. नुसतं फिरायला नाही, धुरा, म्हणजे शेताचा बांध, दाखवायला. जमीन पुढे यांचीच. हद्द पाठ हवी. पुढच्या मंगळवारी सरकारी मोजणी. अर्ज माझाच.
शेजारचा वासुदेव बारा वर्षं आमचा धुरा खातोय. (यापुढे नुसतं वा. पूर्ण नाव लिहावंसं वाटत नाही.) हे होते तोवर म्हणायचे, मोजणीच्या भानगडीत पडू नको. भांडणतंटा नको असायचा त्यांना. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आता मला कोण अडवतं.
धुऱ्याचा दगड जागेवर. पण वा.च्या बाजूला माती उकरल्यासारखी. शर्व. म्हणाली डुकरं असतील. असतीलही. दोन पायांची.

३० एप्रिल, बुधवार
आज पुन्हा. तूर निघून गेलेली, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा. ओमनं खरंच कोपरापर्यंत हात घातला. पाठीत धपाटा दिला, विंचू असतो म्हटलं. तोवर त्यानं मूठभर कोळसा बाहेर काढलेला.
जागा: दगडापासून आठ पावलं आत, आमच्या रानात. म्हणजे वा. आपल्या कपाशीच्या पऱ्हाट्या आमच्यात आणून जाळतो. मोजणीवाल्यांना दाखवायला कोळसा पिशवीत घेतला.
शर्व. म्हणते, "आजी, जाळलं असतं तर वर राख नसती का? हा तर खालून निघाला."
म्हटलं, तू शहरातली, तुला काय कळतं. अकोला काय मोठं शहर आहे म्हणा.

१ मे, गुरुवार
पोरं माझ्याशिवाय फिरून आली. दोन तास. ओमच्या तोंडाला तिखटमीठ, खिशात कैरीची फोड. कैऱ्या या गल्लीत एकाच घरी आहेत, वा.च्या. म्हणजे शांतानं पोरांना घरात घेतलं. काय काय विचारून घेतलं असेल? मोजणी कधी, कागद कुठे? ओमला विचारलं तर बहिणीकडे पाहतो. बहीण जमिनीकडे. कुठेतरी पाणी मुरतंय.
शांता वा.ची बायको. वीस उन्हाळे आम्ही दोघींनी मिळून कुरडया घातल्या, माझ्याच गच्चीवर. धुऱ्याचं भांडण झालं त्या दिवशी मी तिला भर रस्त्यात चोराची बायको म्हटलं. तेव्हापासून कुरडया एकटीच घालते. जमत नाहीत.

३ मे, शनिवार
फिरायला नेलं नाही. शर्व.ला समोर बसवून विचारलं. आधी रडली, मग सांगितलं. ती कोळशाचा तुकडा घेऊन शांताकडे विचारायला गेली होती, हा जमिनीतून काहून निघतो. शांता जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत:
"जुनी मान्सं धुऱ्याच्या दगडाखाली कोळसा पुरून ठेवत, माय. दगड कोनीबी हालवते. कोळसा सडत नाई न् हालत नाई."
आणि निघताना पोरीचा हात धरून, "आजीले सांगू नोको. तिले लय लागंन ते."
संध्याकाळपासून पिशवीकडे पाहतेय. कोळसा आठ पावलं आत. म्हणजे मूळचा दगड तिथे. म्हणजे आम्ही

४ मे, रविवार
काल वाक्य पुरं झालं नाही. आज करते. आम्ही वा.च्या रानात आठ पावलं घुसलो आहोत, वा. आमच्यात नाही.
धुऱ्याचं भांडण झालं त्या वर्षी मोठा पाऊस झाला. हे चिखलानं माखून घरी आले, म्हणाले दगड आडवा पडला होता, परत रोवला. मी पाय धुवायला पाणी दिलं. आठवड्यानं वा. ओरडत दारात आला तेव्हा मी यांच्यापुढे उभी राहिले. हे मागे. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, किती सोशिक माणूस.
राग येतोय. दर रविवारी यांच्या फोटोला हार घालते, आज घातला नाही.
आणि शांताला सगळं ठाऊक होतं. बारा वर्षं मी तिच्यावर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. ती मला कळू नये म्हणून जपत होती. लाज वाटते. थोडा संशयही येतो, एवढं कोणी कोणासाठी करतं का? माझी खोडच ती.

६ मे, मंगळवार, सकाळ
मोजणीवाले दहाला येणार. अर्ज अजून मागे घेता येईल, काल चौकशी केली. घेतला तर यांचं नाव राहतं, आणि शांताचं रान माझ्याकडेच राहतं. नाही घेतला तर दहा वाजता नकाशाच बोलेल, सगळ्या गावासमोर. त्याआधी तिला माझ्या तोंडून कळायला हवं. शब्द जुळवत बसले होते. एकही धड जुळला नाही.
पोरं तयार होऊन दारात उभी. कोळशाची पिशवी शर्व.नं न विचारता घेतलीय. ओम विचारतो, "आजी, आज कोठून जायचं? पांदणीच्या वाटेनं का शांताआजीच्या घराकडून?"
म्हटलं, चपला तर घालू दे.