शिवशिवणाऱ्या हातांची निरवानिरव

मी, श्रीमती वच्छला कुंडलिक मोहिते, वय ६९, मंगळवेढ्याच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना लिहिते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्या डोक्याविषयी जाऊबाई सुकन्या यांनी शंका काढू नये.

१. दोन खोल्यांचे स्वकष्टार्जित घर माझी एकुलती मुलगी उत्कर्षा हिला द्यावे. यजमान गेल्यावर हे घर खायला उठले. भरदुपारी मी मोबाइलवर पैसे लावून रमी खेळू लागले. तिच्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या त्यात घालवल्या. तिने विचारले, "आई, पाटल्या कुठायत?" मी म्हणाले, "बँकेत." ती बँकेत जाऊन आली. त्याला चार वर्षे झाली. तिने पुन्हा उंबरा ओलांडला नाही. दोष तिचा नाही.

२. सुकन्या एका बारशात म्हणाल्या होत्या, "पर्सा सांभाळा गं, वच्छलाबाई आल्यात." त्यांना माझी पर्स द्यावी. रिकामी.

३. फळा व पुस्तके शेजारच्या सुंदरम्मा यांना द्यावीत. त्या विड्या वळतात. मी रमी सोडायच्या शपथा घेतल्या, दोनदा मोबाइल फोडला, पुन्हा नवा घेतला. शेवटी दवाखान्यातल्या समुपदेशक प्रियंका म्हणाल्या, "शपथ नको. ओढ आली की हाकलू नका, तिचं ऐकूही नका. हात शिवशिवू द्या. त्याच वेळी तुम्हाला मोलाचं वाटतं ते करा."

"मला शिकवणं तेवढं येतं."

"मग शिकवा की!"

तेव्हापासून दुपारी सुंदरम्मांना बाराखडी शिकवते. त्या म्हणायच्या, "बाई, हात लई थरथरतोय की तुमचा." मी म्हणायचे, "थरथरू दे. तुम्ही 'ग' काढा." दोन वर्षे डाव मांडलेला नाही. ओढ गेलेली नाही. आजही येते, शेजारी बसते.

४. मी गेल्यावर उत्कर्षाला कळवावे, मात्र तिच्यासाठी थांबू नये. ती न आल्यास कोणी नावे ठेवू नयेत. दर रविवारी मी तिला फोन लावते. ती उचलत नाही. गेल्या रविवारी उचलला. मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तिसऱ्या शिट्टीनंतर म्हणाली, "भात झाला," आणि फोन ठेवला. हे तिने मलाच सांगितले, असे मी धरून चालते.

साक्षीसाठी जवळचे कोणी उरले नाही. खालचे दुकानदार व वरचे भाडेकरू यांनी माझ्यासमोर सह्या केल्या, त्यांचे आभार.

साक्षीदार: १) अजिनाथ शिंदे २) देवदत्त जोशी

सही: वच्छला कुंडलिक मोहिते
सोलापूर, १२ फेब्रुवारी २०२५