सात नंबरचं रक्त

३ फेब्रुवारी, शुक्रवार

सिरीनची चिप चालली!

माझी तीन वर्षं रखडलीय, हिची आठ महिन्यांत उभी राहिली. ट्रान्झिस्टरवर प्रतिपिंडं चिकटवलेली, बीजांडकोशाच्या कर्करोगाचं प्रथिन त्यांना लागलं की प्रवाह हलतो. रक्त हजारपट पातळ केलं तरी हलतो! आमचे प्रमुख, सी मुन्सिफ, सगळ्यांसमोर म्हणाले, "हातांना बरकत येवो, पोरी!" मला कधी म्हणाले होते? आठवत नाही.

मी टाळ्या वाजवल्या. तिच्या आईने केलेले खजुराचे मकरूद खाल्ले. छान होते. त्याचाही राग आला.

६ फेब्रुवारी

फ्रान्सला, लियॉनच्या प्रयोगशाळेत, दोन वर्षांसाठी एकच जण जाणार. पंधरा तारखेला ठरेल. मी एक्केचाळीसची, मला पुन्हा कोण बोलावणार? ती एकोणतीस. तिला काय घाई?

वर "ताई, ताई" करत माझ्याच टेबलाशी येते. "ताई, तुझी चिप मिठाच्या पाण्यात का भरकटते गं?" जखमेवर मीठ चोळणं ते हेच! भोळेपणाने विचारलं असेल. असेल.

९ फेब्रुवारी

तुलनेला निरोगी रक्त हवं. नेहमीप्रमाणे आम्हीच बाह्या वर केल्या. आमच्या धंद्याची जुनी खोड ही — निरोगी माणूस म्हणजे आपण! नऊ बायका, नऊ नळ्या. नळ्यांवर नुसते आकडे, कुणाचा कुठला ते फक्त सिरीनच्या वहीत.

सुई टोचताना म्हणते, "ताई, किती गुणी शीर तुझी, लगेच सापडली!" लाडीगोडी नुसती.

१३ फेब्रुवारी

सापडली! सापडली!

सिरीन जेवायला गेली होती. मी तिचे आलेख उघडून पाहिले. (लिहिताना लाज वाटतेय. थोडीच.) आठ रेषा सपाट. सात नंबरची सरळ वर! तीनदा तपासलंय तिनं, तीनदा तेच. धडधाकट बाईला कर्करोगी ठरवणारी चिप — आणि ही तोंड शिवून बसलीय!

आईनं विचारलं, "नाझिहा, आज गुणगुणतेस कशी?" काही नाही म्हटलं.

१५ फेब्रुवारी, बुधवार

बैठकीत विचारलंच. "सात नंबरचं काय, सिरीन?"

ती पांढरीफटक. सी मुन्सिफनी चष्मा काढला. "काय सात नंबर?"

मी सांगितलं. "आम्ही सगळ्या ठणठणीत आहोत. म्हणजे खोट चिपमध्येच."

"कोण आहे सात नंबर?" त्यांनी तिला विचारलं.

सिरीनने वही छातीशी धरली. "माझीच चूक असेल, सी मुन्सिफ. नळी खराब झाली असेल."

"मग लपवलंस का?"

खाली मान.

लियॉनला मी जाणार! मी!

निघताना जिन्यात तिने माझा हात धरला. "ताई, उद्या माझ्याबरोबर इस्पितळात येशील? माझी मावशी डॉक्टर आहे." डोळे भरलेले. आता मावशीकडून रदबदली करणार माझ्याकडे! हात सोडवून घेतला. "रडून जागा मिळत नसते," म्हटलं. फार बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी

तिचे पाच फोन. नाही घेतले.

१७ फेब्रुवारी

संध्याकाळी घरी पोचले तर सिरीन स्वयंपाकघरात, आईबरोबर वाटाणे सोलत! आई खूश. "किती गोड पोरगी!" मला झोंबलंच.

आई पाणी आणायला उठली तेव्हा सिरीनने वही माझ्यासमोर ठेवली. उघडून. "कुणाला दाखवली नाही, ताई. तुलाच आधी सांगायचं होतं. कसं सांगू, तेच सुचेना."

पुढचं आज लिहवत नाही.

२१ फेब्रुवारी

डाव्या बीजांडकोशावर गाठ. लहान आहे, निघेल म्हणाली मावशी. "एवढ्या लवकर आमच्याकडे कुणी येतच नाही," असंही म्हणाली.

सकाळी सी मुन्सिफना सांगून आले — चिप खरी आहे, सात नंबर मी आहे, लियॉनला सिरीनला पाठवा. त्यांनी तिला बोलावलं आणि पुन्हा म्हणाले, "हातांना बरकत येवो, पोरी!"

आणि मी जळले! अजूनही!