गोल आहे की नाही, ते गोलकीपरने सांगायचं

प्रिय धाकट्या,

पाकीट हातात घेऊन तू आधी उलटंपालटं करशील, कोणाच्या लग्नाची पत्रिका म्हणून. तसलं काही नाही. फोन केला की तू हसतोस, आणि तू हसलास की मला बोलायचं असतं ते राहूनच जातं. कागद हसत नाही. म्हणून दवाखान्यात, एक पेशंट उठून दुसरा बसेपर्यंतच्या वेळात, औषधवाल्यांनी फुकट दिलेल्या पॅडवर लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. सकाळी एक बाई खुर्चीत पडल्या पडल्या म्हणाल्या, "डॉक्टर, इंजेक्शन मला द्यायचंय ना? मग तुम्ही सारखं दाराकडे का बघताय?"

बुटकी बरी आहे. तू ठेवलेलं हे नाव आता ऐकायलाही विनोदी वाटतं, कारण तुझ्या भाचीचं डोकं हल्ली दाराच्या चौकटीला लागतं. कोचने काही दिवस मैदानावर येऊ नकोस सांगितलंय, म्हणून हॉलमध्ये गादी टाकून तिच्यावर झेपा घेते. खालच्या आजोबांनी अजून तक्रार केलेली नाही, यावरून त्यांनाही काय चाललंय ते कळलं असावं. आम्ही दोघी भरदुपारी पडदे ओढून बसतो. जिन्यात पाऊल वाजलं की ती झेप अर्धवट सोडून तशीच पडून राहते आणि मी गॅस बंद करते. गॅस का बंद करते, ते मला विचारू नकोस.

तू त्या मॅचला ढोल घेऊन होतास, तेव्हा काय झालं ते तुला सांगायला नको. पण तू वरच्या स्टँडमधून पाहिलंस, मी तिच्या जाळ्यामागून. इतकी वर्षं आपल्या क्लबच्या मुलींच्या मॅचला कोण यायचं? आया, निवृत्त काका, आणि ऊन खायला आलेला एक कुत्रा. समोरच्या संघाने चांगला गोल केला तरी आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि त्यांच्या आया आम्हाला थर्मासमधला चहा द्यायच्या. यंदा पुरुषांचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, आणि तुमच्या स्टँडला अचानक शोध लागला की क्लबमध्ये मुलीही खेळतात. झेंडे आले, ढोल आले, शिव्या आल्या. मला वेडीला आनंद झाला. वाटलं, पोरींना एकदाचे प्रेक्षक मिळाले.

बॉल रेषेच्या आत गेला होता. बुटकीने तो ओढून बाहेर काढला, आणि रेफरीला दिसलंच नाही. खेळ पुढे चालू झाला असता. तिने हात वर केला आणि सांगितलं, गोल आहे. त्या एका गोलने आपण हरलो. पलीकडची गोलकीपर अख्खं मैदान पळत आली आणि हिला मिठी मारली. वरून मात्र पहिली बाटली तेव्हाच आली.

तुमच्या पुरुषांच्या मॅचला मी तुझ्याबरोबर बसले आहे. खांद्याला वारा लागला की आपला सेंटर फॉरवर्ड गुडघा धरून लोळतो, पेनल्टी मिळाली की उठून नाचतो, आणि स्टँड म्हणतो, काय डोकं आहे पोराला. त्याला डोकं, आणि हिला गद्दार. हा हिशोब मला कोणीतरी समजावून सांगा.

हे मी चेष्टेत लिहिते आहे, कारण दुसरं कसं लिहायचं ते मला येत नाही. परवा दवाखान्याचं शटर उघडायला गेले, तर कडीला गोलकीपरचे हातमोजे टांगलेले. आत चिंध्या कोंबलेल्या, त्यामुळे ते हातांसारखेच दिसत होते. बोटं कापलेली. मी ते कचऱ्यात टाकले आणि सगळे पेशंट तपासले. काल एक तरुण माणूस अपॉइंटमेंट न घेता येऊन बसला, गळ्यात क्लबचा स्कार्फ. खुर्चीत घेतला, तोंड उघडायला लावलं, बत्तिशी ठणठणीत. मी विचारलं, कुठे दुखतंय? म्हणाला, "कुठेच नाही. असंच आलो. मुलगी घरी एकटीच असते का?" मी आरसा त्याच्या तोंडात तसाच धरून उभी राहिले. तो आपणहून उठला, थँक्यू म्हणाला, दार हळूच लावून गेला. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मला सारखी आपली मागची गल्ली आठवते. दोन बादल्यांचा गोल, शिटी नाही, रेफरी नाही. नियम तुझाच होता: गोल आहे की नाही, ते गोलकीपरने सांगायचं. खोटं बोललं की खेळ बंद, बादल्या घरात. बुटकी पहिल्यांदा खोटं बोलली तेव्हा तू खरंच बादल्या उचलल्यास, आणि ती संध्याकाळभर जिन्यात रडत बसली. मी म्हटलं, अरे लहान आहे. तू म्हणालास, ताई, मध्ये पडू नकोस. मग एकदा गोलमध्ये तू होतास. तिने मारलेला बॉल सरळ तुझ्या तोंडावर बसला आणि तुझ्यासकट बादल्यांच्या आत गेला. समोरचा दात तुटून हातात आला होता, शर्टावर रक्त, आणि तशाच तोंडाने तू बोबडा ओरडलास, "गोल आहे, गोल आहे." ती त्या दिवशी जे शिकली, ते कुठल्या कोचने शिकवलेलं नाही. दात मी बसवला. नवीनच प्रॅक्टिस होती, रंग जुळवायला चुकले. शेजारच्या दातांपेक्षा तो एक पांढरा राहिला. बदलून देते म्हणून किती मागे लागले, पण तू म्हणालास, राहू दे, भाचीची सही आहे.

मॅचनंतरच्या त्या संध्याकाळी आमच्या खिडकीखाली गर्दी जमली, हिची जर्सी जाळली, वर अंडी फेकली. दुसऱ्या दिवशी तू फोन करून म्हणालास, मला काही ठाऊकच नाही ताई, अंगात कणकण होती, मॅच संपल्यावर सरळ घरी जाऊन झोपलो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्या गर्दीचे फोटो काढले होते. ते घेऊन मी पोलिसांकडे गेले. साहेब म्हणाले, सगळ्यांनी नाकापर्यंत स्कार्फ बांधलेत, ओळखणार कसं? एकाच माणसाचा स्कार्फ ओरडताना हनुवटीखाली घसरला होता. साहेबांनी तो फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. अंधुक होता. साहेबांना त्यात नुसतं एक उघडं तोंड दिसलं. माझा जन्म उघडी तोंडं बघण्यात गेला आहे, धाकट्या. मी म्हटलं, नाही, कोणी ओळखीचं दिसत नाही.

शनिवारी ती खेळणार आहे. कोचला तिने सांगून टाकलं, आणि माझं ती तशीही ऐकत नाही. फोटो तिने पाहिलेला नाही. काल गादीवर पडल्या पडल्या म्हणाली, "आई, मामाचं तिकीट माझ्या जाळ्यामागचंच काढ, तो मागे असला की मला भीती वाटत नाही." ते तिकीट या पाकिटात आहे. ते पाठवून मी तिच्या पाठीशी कोणाला उभं करते आहे, हे मला खरंच कळत नाही, आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते. येणार असलास तर ढोल आणू नकोस, स्कार्फ बांधू नकोस. मॅच सुरू व्हायच्या आधी ती एकदा मागे वळून बघते. तेव्हा तिला तुझं तोंड दिसू दे. त्यानंतर तिला काय सांगायचं, ते तूच ठरव. नियम तुझाच आहे.

तुझीच,
ताई