मावशींची गाय

रविवार, १९ जानेवारी २०२५

१. रामाकोन्याच्या अंगणवाडीत आज बायकांचं हिमोग्लोबिन तपासलं. बोट टोचून, जागेवरच.
२. मागच्या शिबिराला कोणी फिरकलं नव्हतं. म्हणून या वेळी ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडलं. कल्पना माझी.
३. अंगणवाडी भरली. चपला रस्त्यापर्यंत.
४. जिच्यासाठी हे सगळं मांडलं, तिचं बोट टोचायचं राहिलं.

ती म्हणजे प्रेमलतामावशी. विद्यापीठाच्या ग्रामीण उपक्रमात तृप्ती, कुलदीप आणि मी या गावात आलो. तृप्ती आणि मी मावशींच्या घरी राहतो. मावशी घरात एकट्याच. नखं पांढरी. पाण्याची घागर आणताना मधेच भिंतीला टेकतात. पापणीच्या आतला रंग मी बोलता बोलता पाहून घेतला आहे — फिकट. मी प्रयोगशाळेत शिकलेली आहे, नुसत्या अंदाजावर काही लिहीत नाही. म्हणून तपासायचं होतं.

काल दिवसभर त्यांनी तीळ भाजले, लाडू वळले. आज डबा घेऊन फाटकापर्यंत आल्या, तृप्तीच्या हातात दिला आणि वळल्या. मी आतून हाक मारली, मावशी, आत या.

'नाही वो, गाईचं पाहाचं हाय.'

मावशींकडे गाय नाही.

आईचा फोन. सौंसरला आमच्या गल्लीतही आज हळदीकुंकू. ती घरीच, पेपर तपासत बसली आहे म्हणाली. बरं म्हटलं. ठेवला.

सोमवार, २० जानेवारी

अंगणवाडीच्या अर्चनाताईंना विचारलं, मावशी आत का आल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

'तुम्हीच तर हळदीकुंकू म्हटलं, मॅडम. मंग विधवा बाई कशी येईन? मीना नाही आली, तिची सासू नाही आली. मले वाटलं, तुमाले माहीत हाय.'

माहीत होतं. कोणाला माहीत नसतं? आमंत्रणाला दारोदार फिरलो तेव्हा अर्चनाताई काही दारं सोडून पुढे जात होत्या. मला वाटलं, घरी कोणी नसेल.

मंगळवार, २१ जानेवारी

दिवसभर कोणाशी नीट बोलले नाही. तृप्ती म्हणते, तू चिडलीस की आणखी सभ्य होतेस.

बुधवार, २२ जानेवारी

सोपा उपाय सुचला होता. हिमोग्लोबिन मोजायचं यंत्र घरातच आहे, मावशीही घरातच आहेत. सकाळी चहा झाल्यावर म्हटलं, मावशी, हात द्या.

त्यांनी हात पदरात घेतला.

'सगळ्याईचं चारचौघीत झालं. माझं घरात लपून कायले? मी काय चोरी केली का?'

मी म्हटलं, रक्त कमी असेल तर औषध लगेच सुरू करता येईल. नुसतं तेवढंच आहे.

'तुले तेवढंच हाय.'

मग पुढ्यात पोळी वाढली, वर गुळाचा खडा ठेवला. रागावल्या की त्या जास्त वाढतात.

शुक्रवार, २४ जानेवारी

आज मावशी अंगणातच खाली बसल्या. पडल्या नाहीत — बसल्या. पण उठता येईना. तोंडाला घाम. मी आणि तृप्तीनं धरून आत आणलं. दवाखान्यात चला म्हटलं तर, 'ऊन लागलं.' जानेवारीत.

घागर मी आणली. अर्धी वाटेत सांडली.

बाजेवर पडल्या पडल्या म्हणाल्या, 'एवढी शिकलेली पोरगी, अर्धी घागर रस्त्याले पाजून आली.'

हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

शनिवार, २५ जानेवारी

रथसप्तमीच्या आत पुन्हा एक शिबिर घ्यायचं ठरलं. रविवार, २ फेब्रुवारी. हळदीकुंकू म्हणायचं नाही. नुसता तिळगूळ, गावातल्या सगळ्या बायकांना. अर्चनाताई कुरकुरल्या: 'म्हाताऱ्या बोलतीन.' कुलदीप म्हणाला, 'बोलू द्या ना ताई, बोलता बोलता बोट टोचून घेऊ.' अर्चनाताई हसल्या, म्हणजे झालं. कुलदीप एरवी निरुपयोगी आहे. आज नव्हता.

रविवार, २६ जानेवारी

मावशींना सांगितलं, २ तारखेला सगळ्यांसाठी आहे, तुम्ही यायचंच. भाजी निवडत होत्या. वर बघितलं नाही.

'हे गेल्यापासून माह्या दाराशी कोणाचं आवतण नाही आलं. तुमी पोरी तर घरातच राहता. घरातूनच निघाल्या आन् शेजारच्या दारात गेल्या. माह्या दाराशी नाही आल्या.'

रागानं नाही. भाजीत अळी निघाली की सांगतात, तसं.

सोमवार, २७ जानेवारी

संध्याकाळी चपला घातल्या. मागच्या दारानं बाहेर पडले, गल्लीतून वळसा घेतला, पुढच्या दाराशी आले. दार उघडंच होतं. तरी कडी वाजवली. चूल तिथून दिसते. मावशी मला बघत होत्या.

'कोण हाय वो?'

'मी. रश्मी.'

'कोन्ती रश्मी?'

'मावशी.'

'बरं, बोल.'

'येत्या रविवारी अंगणवाडीत तिळगूळ आहे. गावातल्या सगळ्याजणींना. तुम्ही या.'

त्या उठल्या, हात पुसले, उंबऱ्यापाशी आल्या. माझ्या हातावर साखर ठेवली. आवतण घेऊन आलेल्या बाईच्या हातावर ठेवतात, तशी.

'पाहू. गाईचं पाहा लागते.'

तृप्ती आतून खो-खो हसत सुटली. मग मावशी हसल्या. मी पण. माझ्याच्यानं आवरलंच नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

हसण्यानं काम झालेलं नाही. मावशी म्हणतात, एकटी पहिली आत जाणार नाही. 'त्या सगळ्याईच्या मधात मी एकटी पांढऱ्या कपाळाची. कोणी सोबत बसन तर येतो.' मीनाकडे जाऊन आले. मीनाची सासू दारातच म्हणाली, 'आमाले नका ओढू त्याच्यात.' मीना सासूच्या मागे उभी होती.

घरी आले तर मावशी पुन्हा भिंतीला टेकलेल्या. हातात रिकामा गडू. रिकामा.

जेवताना विचारलं त्यांनी, तुझी आई करते काय. शिक्षिका आहे म्हटलं, सौंसरला. दुसरीच्या वर्गाला शिकवते.

'तिच्या इथं नसते का संक्रांतीचं?'

म्हटलं, गल्लीत असतं. पण आईला त्या दिवशी नेमके पेपर तपासायचे असतात. दर वर्षी.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. ताटात आणखी एक पोळी वाढली.

बुधवार, २९ जानेवारी

आईला पाठवलं ते इथे उतरवून ठेवते.

'आई, रविवारी, २ तारखेला, रामाकोन्याच्या अंगणवाडीत तिळगूळ आहे. हे आवतण आहे. फोनवर देते आहे, त्याबद्दल माफ कर. दाराशी येऊन द्यायला हवं होतं. प्रेमलतामावशींचं रक्त तपासणं फार गरजेचं आहे, आणि त्या एकट्या आत जायला तयार नाहीत. त्यांच्याशेजारी तू बसावंस. दुसरीच्या वर्गाला जानेवारीत परीक्षा नसते, हे बाबा गेले त्याच्या पुढच्याच संक्रांतीला मला कळलं होतं. शुक्रवारपर्यंत कळव.'