वर्ग शांत होईपर्यंत

प्रिय ताई,

नोकरीच्या पहिल्याच दिवशी ओरडून ओरडून माझा घसा बसला, तेव्हा तू म्हणालीस, "ओरडू नकोस गं. फळ्यापाशी हाताची घडी घालून उभी राहा. आपण गप्प राहिलो की वर्ग आपोआप गप्प होतो." त्या एका वाक्यावर मी बावीस वर्षं नोकरी केली.

मग आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून आपलं वाजलं. तू मला पाहुणी म्हणालीस, मी तुला हेडबाई. मी फोन ठेवला आणि हाताची घडी घातली. म्हटलं, येईल ताई ताळ्यावर. तिकडे तूही घडी घालूनच उभी असणार, हे मला कळायला हवं होतं. पद्धत तुझीच होती. दोन्ही बाई गप्प, आणि वर्गात विद्यार्थी एकही नाही. चार वर्षं आपण अशी शिस्त पाळली, की एखाद्या तपासनीसाने पाठ थोपटली असती.

परवा तुला पोचवून आल्यावर तुझी लेक म्हणाली, "मावशी, शेवटच्या आठवड्यात आई रोज विचारायची, धाकटीचा फोन आला का. मी म्हटलं, तूच लाव की. तर म्हणाली, नको, माझा असला आवाज ऐकून घाबरेल ती."

आज शाळेत गेले. मला पाहताच सगळी मुलं चिडीचूप झाली. मला ते सोसेना. म्हटलं, "बोला रे, कुणीतरी काहीतरी बोला."

तुझीच,
धाकटी