'क' दर्जाची शाळा

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. मी बबडीचं नाव शाळेत घालायला गेलेय. हो, त्याच सरकारी शाळेत, जिला गेल्या महिन्यात तपासणी करून तुम्ही 'क' दर्जा दिलात. तुमची सही लागत नाही, विचारून घेतलंय.

तुमचा अहवाल वाचला. भिंतीचे पोपडे लिहिलेत, गळका नळ लिहिलात, वर्गात मात्र पाऊल टाकलं नाहीत. मी दोन दिवस मागच्या बाकावर बसून आले. एका मुलीची बेरीज चुकली, तर बाई ओरडल्या नाहीत. "तू कसं केलंस ते सांग," म्हणाल्या. सांगता सांगता ती मध्येच थबकली आणि "अय्या, हातचा राहिला!" म्हणत फळ्याकडे पळाली. तिथली पुस्तकं हाताळून हाताळून मऊ पडलीत. तुमच्या लाडक्या 'अ' दर्जाच्या शाळेत ती काचेच्या कपाटात बंद होती, आणि किल्ली कुणाकडे ते एकालाही सांगता येईना.

ऑफिसात तुमचं हसं होईल म्हणता? होऊ दे. पुढच्या तपासणीला मात्र वर्गात या. बबडी तिसऱ्या बाकावर असेल. बाबा दारातूनच परत का गेले, हे तिला मी समजावणार नाही.