दिराच्या हाती पाना देऊ नये

मी, लिहून ठेवणार, या गॅरेजची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, धंदा जुन्या गाड्यांची इंजिने व गिअरबॉक्स बदलून देणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दाब नाही. किळस मात्र आहे. वकीलबाई म्हणाल्या, "तो शब्द काढा." मी म्हटले, "मग सहीही तुम्हीच करा."

१. राहते घर मुलाला. ते त्याच्या वडिलांनी बांधले, म्हणून त्याला जाते. प्रेमापोटी दिले असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

२. गॅरेज, मागची मोकळी जागा, सर्व हत्यारे आणि माझ्या उपचारातून उरेल ती शिल्लक माझ्या धाकट्या जावेला. ती माझ्या दिराची बायको. पण यातले काहीही दिराकडे जाऊ नये. कारण लिहिते.

यजमान वारल्यावर गॅरेज मी आणि दीर चालवत होतो. एका गाडीचे इंजिन संपलेले पण सांगाडा धडधाकट, दुसरी ठोकलेली पण इंजिन ठणठणीत; हिचे काढून तिला बसवायचे, हे आमचे काम. मूळच्यापेक्षा जड इंजिन बसवले की ब्रेक, स्प्रिंगा आणि खालचे आधारही बदलावे लागतात. यजमानांनी हे आम्हा दोघांना शिकवले होते. दीर अर्धेच शिकला.

गाण्याचे मास्तर आपल्या वडिलांच्या वेळची छोटी गाडी घेऊन आले. दिराने तिच्यात ट्रकला शोभेल असे धूड बसवले. मी खाली वाकून पाहिले तर ब्रेक जुनेच, आणि आधाराला भंगारातल्या पट्ट्या वेल्डिंगने चिकटवलेल्या. मी ओरडले, "ब्रेक बदलल्याशिवाय ही गाडी दारातून हलणार नाही!"

तो हसला. "वहिनी, लोक गाडी पळवायला घेतात, थांबवायला नाही."

मी चावी काढून घेतली आणि ब्रेक आणायला बाजारात गेले. परत येईपर्यंत त्याने दुसऱ्या चावीने गाडी मास्तरांच्या हवाली केली होती. उतारावर ती थांबली नाही. मास्तरांची बायको गेली. मास्तर वाचले, पण त्यानंतर गायले नाहीत.

कोर्टात दीर म्हणाला, "काम वहिनीचं होतं." माझ्या मुलाने मान डोलावली. सासूबाई मला म्हणाल्या, "घरातली घाण घरातच राहू दे." घाण घरात ठेवली की घराचाच उकिरडा होतो, हे त्यांना कोण सांगणार?

मग जाऊ उभी राहिली. जन्मात नवऱ्यापुढे आवाज न चढवलेली बाई. म्हणाली, "ताई ओरडल्या होत्या. मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होते. यांनी दुसरी चावी माझ्याच हातून मागवून घेतली."

दीर तुरुंगात गेला. ती बॅग घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "ताई, मला पाना धरायला शिकवाल?" आज अख्खा गिअरबॉक्स ती एकटी उतरवते. तिने हात लावलेली गाडी मी डोळे मिटून चालवीन.

३. अपघातातल्या गाडीचे इंजिन खटला संपल्यावर गॅरेजात परत आले, ते कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. मी उपचारासाठी इस्पितळात असताना शिक्षा भोगून आलेला दीर माझ्या मुलाला घेऊन तिथे आला, हातात फळे. वाटले, आता तरी माफी मागेल. म्हणाला, "वहिनी, ते इंजिन अजून चांगलं आहे. एका छोट्या गाडीचं गिऱ्हाईक आलंय."

मला उलटी झाली. नर्सला वाटले, औषधाने झाली.

मुलगा म्हणाला, "आई, लोखंडाला काय कळतं?" खरे आहे. लोखंडाला कळत नाही म्हणूनच माणसाला कळावे लागते. ते इंजिन जावेने कापून भट्टीत घालावे. आधी मास्तरांना विचारावे. त्यांना पाहायचे नसेल तर गाजावाजा न करता उरकावे.

४. त्या दिवशी मी बाजारातून आणलेले ब्रेक अजून कागदात गुंडाळलेलेच आहेत. ते दिराला. त्याच्या दारात नेऊन, त्याच्या हातात द्यावेत. माझ्याकडून त्याला एवढेच.

५. माझ्या देहाला दिराने खांदा देऊ नये. मुलाला द्यायचा असेल तर त्याने आधी मास्तरांच्या घरी जाऊन यावे. खांदेकरी कमी पडले तर गॅरेजातली चेन-पुली लावावी. ती इंजिने उचलते, मलाही उचलेल, आणि उचलताना खोटे रडणार नाही.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले व त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार: गॅरेजवाली (सही)
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही)
साक्षीदार: तपासणारे डॉक्टर (सही)
ठिकाण: गॅरेजची पुढची खोली
तारीख: महिन्याचा पहिला सोमवार, गॅरेज चालू असताना